शिव्या गोळा करायला गेले होते

माझ्या गाईडना पापलेट फार आवडायचं. माझ्या पीएचडीच्या विषयाची गोष्ट सांगायची तर ती तिथूनच सुरू करावी लागते, त्याला माझा इलाज नाही.

मी पनवेलच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. हे तत्त्व ज्यांना ठाऊक नाही त्यांनी देवाचे आभार मानावेत. जेवढे तास शिकवाल तेवढेच पैसे, सुट्टीत ठणठण गोपाळ, आणि दर जूनमध्ये त्याच टेबलापुढे तीच फाईल घेऊन पुन्हा मुलाखत. मी हे तेरा वर्षं केलं. मग कुणीतरी म्हणालं, पीएचडी झाली तर कायम व्हायची जरा तरी आशा आहे. चाळिशी ओलांडल्यावर मी भाषाविज्ञानाची प्रवेश परीक्षा दिली, पास झाले, गाईड मिळाले. आता विषय ठरवून त्याचा आराखडा विद्यापीठाच्या समितीपुढे मांडायचा एवढंच राहिलं होतं. तो नामंजूर झाला की नोंदणी रद्द, सगळं पुन्हा पहिल्यापासून. तेवढा दम माझ्यात उरलेला नव्हता.

सर नवीन पनवेलला राहायचे आणि मी सुकापूरला. पहिल्याच भेटीत त्यांनी माझं गाव विचारलं. मी म्हटलं, मोरा, उरणजवळचं.

"म्हणजे कोळी! अरे वा, मग आमच्या पापलेटाची सोय झाली," असं म्हणून ते हसले. मीही हसले. ज्याच्या सहीवर आपलं सगळं अडलेलं असतं त्याच्या विनोदाला माणूस आधी हसतो, आणि मग घरी येऊन स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. मला तर रिक्षातच वाटली.

तेव्हापासून दर भेटीला मी मासळी नेऊ लागले. सर पिशवी दोन बोटांच्या चिमटीत धरायचे, अंगापासून लांब, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी नेऊन टेकवायचे. मग हात धुवायचे, बोटं नाकाशी नेऊन हुंगायचे, पुन्हा धुवायचे. एकदा टॉवेलला हात पुसत मला म्हणाले, "तुम्हा लोकांना ह्या वासाचं काहीच वाटत नाही, नाही?" हाच माणूस दुपारी तेच ताटात घेऊन काटे चोखत बसणार होता. शी! मी मान खाली घालून फाईल उघडली.

ही मासळी मी घ्यायचे मावशीकडून. मावशी काही माझ्या सख्ख्या नात्यातली नाही. माझी आई पनवेलच्या बाजारात मासळी विकायची, तिच्या शेजारचा ओटा मावशीचा. दोघी पहाटे एकाच टेंपोतून यायच्या, एकाच डब्यातलं खायच्या आणि दिवसातून दोनदा तरी एकमेकींशी कडाडून भांडायच्या. आईला जाऊन आता सहा वर्षं झाली. मावशी पंचाहत्तरीला टेकली तरी अजून बसते. आईनंतर मला 'गो बाय' म्हणून हाक मारणारं जगात तेवढं एकच माणूस उरलं होतं.

शाळेला सुट्टी लागली की मी त्या दोघींच्या मागे पोत्यावर बसून गृहपाठ करायचे. गृहपाठ कसला, कान सगळे पुढे. समोर फ्लॅटमधली बाई आली की आई म्हणायची, "या मॅडम, एकदम फ्रेश आहे, बघून घ्या." मोहल्ल्यातली बाई आली की, "आपा, देखो तो सही." केरळच्या नर्सबाई यायच्या, त्यांना चेची. आणि गावाकडची कुणी दिसली की लगेच, "ये गो बाय, बस. कवा आलीस?" आणि हे नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं. फ्लॅटवालीची मासळी काट्यावर जायची, वर तो काट्याचा आकडा तिच्याकडे वळवून दाखवायचा, कारण ह्या बायका विश्वास ठेवत नाहीत. आपल्या माणसाला मात्र हाताच्या अंदाजाने, आणि वर मूठभर कोलंबी, न मागता. आपल्या माणसाची मासळी काट्यावर घालायची नाही, हा त्या ओट्यावरचा कायदाच होता.

माझा विषय मला तिथंच मिळाला होता, पोत्यावर, चौथीत असताना. गिऱ्हाईक दहा पावलं लांब असतानाच ह्या बायका ते कुठलं आहे हे ओळखतात कशा, आणि तोंड उघडेपर्यंत भाषा बदलतात कशी, ह्यावर मला काम करायचं होतं. पाच पानं मी जीव ओतून लिहिली. सरांनी ती चहाबरोबर वाचली. बिस्किटाचा चुरा माझ्या पानांवर पडत होता आणि ते तो झटकतही नव्हते.

"कोरडं आहे हो," ते म्हणाले. "समिती झोपेल. विषयात दम पाहिजे, बाई. तुम्ही असं करा, कोळणींच्या शिव्या घ्या!" आणि खुर्ची हलेपर्यंत हसले. "तुमच्या घरचाच विषय. बाहेरच्याला थोड्याच ऐकायला मिळणार? एखादी सांगा की, नमुन्याला."

आणि ते वाट बघत बसले. ओठावर ते हसू, हातात पेन. शिव्यांचा अभ्यास होऊ नये असं माझं मुळीच म्हणणं नाही. शिवी हीसुद्धा भाषाच आहे आणि कुणी मनापासून करील तर उत्तम प्रबंध होईल. पण ह्या गृहस्थांना अभ्यास नको होता, तमाशा हवा होता, आणि तो माझ्या आईच्या तोंडून हवा होता. हे मला तेव्हाच कळलं होतं. कळूनही मी एक शिवी सांगितली. आईची ठेवणीतली. ती त्यांनी डायरीत उतरवून घेतली, मला पुन्हा उच्चारायला लावली, आणि "काय रसरशीत आहे!" म्हणाले. त्या दिवशी घरी येऊन मी दोनदा चूळ भरली.

नाही म्हणता आलं असतं की. जनाची नाही, निदान मनाची तरी. पण समितीची बैठक महिन्यावर आली होती आणि मी स्वतःला समजावलं की एकदा विषय मंजूर होऊ दे, मग आत आपल्याला हवं ते लिहू. असं स्वतःला समजावणारी माणसं मी कॉलेजात रोज बघते आणि त्यांची मला किळस येते.

तर मी मोबाइल घेऊन मावशीपुढे उघडपणे बसले. म्हटलं, मावशी, अभ्यासाला पाहिजे, तुम्ही भांडता तेव्हा काय काय बोलता ते सांग. मावशीने मोबाइल बघितला मात्र, पदर डोक्यावरून घेतला, पाठ ताठ केली आणि बातम्या दिल्यासारखी सुरू झाली, "आम्ही सर्व भगिनी गेल्या अनेक वर्षांपासून मासळी विक्रीचा व्यवसाय करत आहोत."

"अगो मावशी, असं नाही! शिव्या सांग, शिव्या."

"शिव्या?" तिने चेहरा असा केला की जणू हा शब्दच आज पहिल्यांदा ऐकला. "तसलं आमच्यात काय नाय." मी मोबाइल बंद केला, आणि त्याच क्षणी मागून फिरणाऱ्या मांजराला तिने अशी काही घातली की मी मोबाइल बंद केल्याचा मला पश्चात्ताप झाला. मी पोट धरून हसले, तीही हसली. त्या महिन्यात मला आलेलं तेवढंच खरं हसू.

ते रेकॉर्डिंग ऐकून सर वैतागले. "हे काय, हे भाषण आहे. नैसर्गिक बोलणं पाहिजे. त्यांना चिडवा जरा. कशाने चिडतात त्या?"

इथे मी जे केलं ते मला कुणी करायला लावलं नाही. मी आपणहून सांगितलं. म्हटलं, सर, भवानीच्या वेळी त्या फार हळव्या असतात. सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकाने मासळी कापून घेतली आणि न नेताच गेलं, तर तो सगळा दिवस वाया गेला असं समजतात. त्या माणसाला मग सोडत नाहीत.

"मग झालं तर," सर म्हणाले. "तुम्हीच व्हा पहिलं गिऱ्हाईक."

आणि मी झाले. एका रविवारी सकाळी लवकर बाजारात गेले. मावशीने नुकतंच पाणी मारून ओटा धुतला होता, मासळी मांडत होती. मोबाइल पर्समध्ये चालू. मी दोन मोठी पापलेटं निवडली, उगाच कल्ले उघडून बघितले, उगाच कुरकुर केली. मावशीने ती कापली, साफ केली, पिशवीत भरली. मी म्हटलं, "नको. राहू दे." आणि पाठ फिरवली.

शेजारच्या ओट्यावरची, आईच्या जागेवर आता बसते ती, सुटली. "मुडदा बशिवला तुजा! कापून घेतलंस नि आता नको? भवानीच्या टायमाला? तुज्या तोंडात माती पडो, सटवे!" हे सुरुवातीचं झालं. पुढचं मी इथं लिहीत नाही, पण सरांची डायरी भरली असती एवढं होतं. मी मनात म्हटलं, मिळालं. खरंच म्हटलं.

आणि मग मावशीचा आवाज आला. "गप ऱ्हा गो! एक शबूद बोलू नको तिला. आपल्यातली पोर हाय ती. आपल्यातली पोर भवानी मोडील काय? तिच्या घरी कायतरी इपरीत झालंय."

मी चालत राहिले. मावशी ओटा तसाच टाकून, गुडघे धरत माझ्यामागे रिक्षांच्या रांगेपर्यंत आली. तिच्या हातात ती पिशवी होती.

"बाय, थांब. कोन गेलं काय गो? जावयाला बरं हाय नं?"

"काही नाही मावशी."

"मंग नोकरी गेली? तुजा चेरा बग कसा झालाय. माज्यापासून कशाला लपवतंस? तुजी आय असती तर तिला सांगितलं असतंस नं?"

आणि त्या क्षणी मी, मेली, काय विचार करत होते? रिक्षांच्या आवाजात हे नीट रेकॉर्ड होत असेल का, असा. खोटं नाही सांगत. हाच विचार होता.

तिने पिशवी माझ्या हातात कोंबली. "घेऊन जा. पैसं नको. फकस्त एक रुपया दे, म्हंजे भवानी झाली. हात तुजाच लागू दे." मी पर्सच्या तळाशी चाचपडले, चालू मोबाइल बाजूला सारला, एक नाणं सापडलं ते दिलं. तिने ते कपाळाला लावलं, माझ्या गालावरून ओला हात फिरवला आणि लंगडत परत गेली.

ती पिशवी मी कुठं नेली असेल? सरांकडे. त्यांची वेळ ठरलेली होती ना. "वा, आज तर कापून, साफ करून! प्रगती आहे," असं म्हणून त्यांनी ती चिमटीत धरून आत नेली. मग आम्ही रेकॉर्डिंग ऐकलं. शेजारणीच्या शिव्या त्यांनी तीनदा लावायला सांगितल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. पुढे मावशीचा आवाज सुरू झाला, 'आपल्यातली पोर भवानी मोडील काय', आणि त्यांनी हात हलवला.

"हे म्हातारीचं मध्येच काय? हा भाग कापून टाका. विषयाशी संबंध नाही, नुसता नॉइज आहे." आणि आतून पापलेट तळायचा वास यायला लागला.

मी म्हटलं, "बरं, सर."

आराखडा टाइप करायला मला चार दिवस लागले. संदर्भसूची केली, प्रकरणं पाडली, 'नैसर्गिक परिस्थितीत ध्वनिमुद्रण' असं एक वाक्यही घातलं. शी! त्या वाक्यावरून मी तीन वेळा मागे-पुढे गेले आणि तसंच ठेवलं. बैठक पाच दिवसांवर होती. सर म्हणाले होते, समितीशी बोलणं झालंय, सगळे खूष आहेत.

त्या संध्याकाळी इमारतीच्या वॉचमनचा फोन आला. "मॅडम, नीचे मच्छीवाली आयी है. बोलती है आपकी मावशी है." म्हटलं, मावशीच आहे, वर पाठवा. मावशी आली ती इस्त्रीची साडी नेसून, केसांत अबोली माळून, हातात अर्धा नारळ आणि प्रसादाचा पुडा. सुकापूरच्या माझ्या घरी ती पहिल्यांदाच येत होती. आईच्या फोटोला तिने आधी हात जोडले, मग खुर्चीच्या अगदी कडेवर बसली.

"देवीला बोलले होते," ती म्हणाली. "पोरीचं घर सावर, तुला नारल देते. आज फोडून आले. नि बाजारात सगल्यांना सांगून ठेवलंय, पोरीला कोन काय बोलाचं नाय. आता सांग, काय झालंय?"

माझा नवरा आतल्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलत होता. चांगला धडधाकट, नोकरी शाबूत. त्याचा आवाज तिला ऐकू येत होता, मला दिसत होतं. चहाचा कप तिच्या हातात होता. मला खोटं बोलता आलं असतं, आणि इतक्या दिवसांत मी त्यात बरीच तयार झाले होते. पण तो अर्धा नारळ समोर होता. मी सगळं सांगितलं. सर, विषय, शिव्या, पर्समधला मोबाइल. सांगताना माझ्या लक्षात आलं की कितीही सरळ शब्दांत सांगितलं तरी हे घाणेरडंच ऐकू येत होतं.

मला वाटलं, आता घालील. मनापासून वाटत होतं की तिने घालावी, आईने घातली असती तशी, चांगली सात पिढ्यांचा उद्धार करून. मावशीने कप खाली ठेवला.

"माजं बोलनं हाय त्या मोबाइलात?"

"हाय."

"मी तुज्यामागून आले ते बी?"

"हो मावशी."

"कोनी ऐकलं?"

"सरांनी."

"हसले?"

मी त्या अर्ध्या नारळाकडे बघितलं. तिने पुन्हा विचारलं, "हसले काय गो?"

"हसले."

ती उठली. चपला घालताना तिला भिंतीचा आधार लागला, मी हात पुढे केला तो तिने घेतला नाही. लिफ्ट येईपर्यंत ती माझ्याकडे पाठ करून उभी होती.

दुसऱ्या दिवशी मी सरांना फोन केला आणि म्हटलं, हा विषय मी घेणार नाही, रेकॉर्डिंग पुसून टाकलंय, माझा पहिलाच विषय मांडू द्या. ते आधी समजूत घालत होते, मग चिडले. "मग दुसरा गाईड शोधा. तुमच्यासारख्यांना हाताशी धरून वर आणायचं, आणि वर हे ऐकायचं!" तुमच्यासारख्यांना. मी फोन ठेवणार इतक्यात ते म्हणाले, "आणि हो, रविवारच्या पापलेटाचं मी घरी सांगून ठेवलंय." मी देवाशपथ सांगते, असं म्हणाले. त्या क्षणी मला आईची ती ठेवणीतली शिवी आठवली, आणि ह्या वेळी मी ती नमुन्यादाखल सांगितली नाही. सरळ घातली.

नोंदणी अर्थातच गेली. बऱ्याच वणवणीनंतर पुण्याच्या एक बाई तयार झाल्या, कडक आहेत, मासळी खात नाहीत. त्यांनी माझी ती पाच पानं वाचली आणि म्हणाल्या, हे करा. म्हणजे पुन्हा प्रवेश, पुन्हा समिती, आणि जूनमध्ये पुन्हा मुलाखत. पण विषय माझा. पोत्यावरचा. इतक्या दिवसांत मला पहिल्यांदा स्वच्छ वाटलं आणि मी ठरवलं की ही गोष्ट आधी मावशीला सांगायची.

सकाळी बाजारात गेले. मुद्दाम उशिरा, भवानी होऊन गेल्यावर. मावशीने मला लांबूनच पाहिलं. दहा पावलं असेन मी, फार तर. तेवढ्यात तिचा चेहरा बदललेला मला दिसला. हा बदल मी चौथीपासून बघत आले होते, फक्त कधी समोरून बघितला नव्हता.

"या मॅडम," मावशी म्हणाली. "काय देऊ? पापलेट एकदम फ्रेश आहे."

"मावशी, अगो, मी..."

"अर्धा किलो करू ना, मॅडम?"

शेजारच्या ओट्यावरची उगाच खाली बघून बर्फ सारखा करत होती. मी मान हलवली. मावशीने एक पापलेट उचललं, काट्यावर ठेवलं, आणि आकडा माझ्याकडे वळवून दाखवला.